शक्यता नाकारता येत नाही

माझ्याकडं येणारं प्रत्येक गिऱ्हाईक तुटलेलं काहीतरी घेऊन येतं. पोत्यात गुंडाळलेलं, गाडीच्या डिकीत टाकलेलं, कधी दोघातिघांनी खांद्यावर आणलेलं. टेबलावर ठेवतं आणि विचारतं, "का तुटलं?" खरं म्हणजे त्याला ते विचारायचंच नसतं. त्याला विचारायचं असतं, "कुणामुळं तुटलं?" या दोन प्रश्नांच्या मधल्या जागेत माझं आयुष्य गेलं.

लोक मला ज्येष्ठ धातुशास्त्रज्ञ म्हणतात. माणसाला ज्येष्ठ म्हणायला लागले की समजावं, आता शाली मिळणार आणि कामं बंद होणार. शालींनी एक कपाट भरलंय. त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. तुटलेल्या वस्तूंबद्दल आहे.

धातू तुटतो तेव्हा तो आपली हकीकत तुटलेल्या तोंडावर लिहून ठेवतो. एका दणक्यात तुटला, तर ते तोंड फोडलेल्या गुळाच्या ढेपेसारखं रवाळ दिसतं. पण बहुतेक वस्तू एका दणक्यात तुटत नाहीत. तार आपण वाकवतो, सरळ करतो, पुन्हा वाकवतो आणि मग ती तुटते, तशा त्या हळूहळू तुटत येतात. कुठल्यातरी कोपऱ्यात केसाएवढी भेग पडते आणि फेऱ्याफेऱ्याला पुढं सरकते. अशा तुटीवर एकाबाहेर एक वलयं उमटतात. आमच्या माण तालुक्यातल्या पाझर तलावाचं पाणी उन्हाळ्यात मागं हटतं, तेव्हा काठच्या गाळावर ओळी राहतात ना, तशी. वलयं उलटी मोजत गेलं की भेग जिथं जन्मली ती जागा सापडते. ती जागा सापडली की बहुतेक वेळा माणूसही सापडतो.

म्हणून गिऱ्हाइकं माझ्याशी घासाघीस करतात. पैशांची नव्हे, शब्दांची. सांगलीकडचे एक हळदीचे व्यापारी होते, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. अतिशय सज्जन माणूस. हळदीला पॉलिश करायच्या त्यांच्या ड्रमचा कणा तुटला. मी अहवालात लिहिलं, 'बहुतेक जास्त भारामुळे.' अण्णा अहवाल घेऊन परत आले.

"डॉक्टर, एवढा 'बहुतेक' तेवढा ठळक करा की."

"आणि 'जास्त भार' बारीक करू?"

"तुम्ही समजूतदार आहात," अण्णा म्हणाले. "हवं तर 'भार' राहू द्या, 'जास्त' काढा. थोडं तुमचं, थोडं माझं."

मी त्यांना चहा पाजला आणि 'बहुतेक'सुद्धा काढून टाकला. अण्णा वर्षभर बोलले नाहीत. मग दुसरा कणा तुटल्यावर आले.

घासाघीस मला नवी नव्हती. वडील मुंबईला कामाला, घर आईवर. बाजाराच्या दिवशी मी तिच्याबरोबर शेळ्या हाकत जायचो. विकताना आई गिऱ्हाइकाच्या तोंडाकडं बघायचीच नाही, पायांकडं बघायची. "तोंड खोटं बोलतंय रं," म्हणायची. "पाय वळलं म्हंजे गेला. पाय रुतलं म्हंजे घेणार हाय." ही एक विद्या घेऊन मी शिकलो, परीक्षा दिल्या, परदेशात जाऊन डॉक्टरेट घेऊन आलो आणि एका सरकारी प्रयोगशाळेत लागलो. उसाच्या चरकाचे रोल लवकर झिजू नयेत म्हणून तिथं एक मिश्रधातू तयार केला. कैक वर्षं भट्टीच्या तोंडाशी उभा राहिलो, भुवया दोनदा जळाल्या. निबंध छापून आला तेव्हा माझं नाव तिसरं होतं. पहिल्या दोघांनी भट्टी फक्त फोटोत पाहिली होती. मी साहेबांना विचारलं, तर ते म्हणाले, "अहो, हे सांघिक काम असतं." त्यांच्या टेबलावर काच होती. ती फोडून मी राजीनामा दिला.

तो राग अजून गेलेला नाही. लोक सांगतात, एवढं नाव झालं, आता सोडून द्या. का सोडू? पुढं जे मिळालं ते मी मिळवलं. ते तिसरं नाव मला कुणीतरी दिलेलं होतं.

सांगलीच्या औद्योगिक वसाहतीत एक गाळा घेतला आणि भंगारातून उचललेल्या सूक्ष्मदर्शकावर धंदा सुरू केला. त्या काळात साताऱ्याच्या एका फाउंड्रीत कास्टिंगा, म्हणजे ओतलेले लोखंडी भाग, फार वाया जायच्या, म्हणून मला बोलावलं. तिथं भट्टीवर शिदूतात्या होते. पाटण खोऱ्यातला माणूस, शाळा चौथीपर्यंत. धातू ओतायच्या आधी लहान पळीनं नमुन्याची कांडी ओतायची, गार झाली की हातोड्यानं मोडायची, मोडलेलं तोंड उजेडाकडं धरायचं आणि मग सांगायचं, ओता किंवा थांबा. मी दोन दिवस नमुने घासून, आम्लात बुडवून, सूक्ष्मदर्शकाखाली बघून सांगितलं की मॅग्नेशियम कमी पडतंय. तात्या कोपऱ्यात बिडी ओढत होते.

"आवं डॉक्टर, ह्ये तर म्या परवाच सांगितलंतं मालकास्नी. कांडी मोडल्यावं आवाज बद्द येत हुता."

"मग मला कशाला बोलावलं?"

"माजं इंग्रजी कच्चं हाय," तात्या म्हणाले.

त्या दिवसापासून मी साताऱ्याला गेलो की आधी भट्टीवर जायचो, मग मालकाच्या केबिनमध्ये. तात्यांनी मोडलेल्या प्रत्येक कांडीचा अर्धा तुकडा, त्यावर त्या ओतीचा नंबर ठोकून, फळीवर लावलेला असायचा. माझ्या विद्यार्थ्यांना मी तिथं नेऊन उभं करायचो. परदेशातल्या सभेत एकदा मी 'माझे एक वरिष्ठ सहकारी' असा त्यांचा उल्लेख केला होता. त्यांना सांगितलं तर म्हणाले, "मंजी पगार वाढतुय का?"

आता त्या कपलिंगची गोष्ट.

एका साखर कारखान्यात दसऱ्याच्या तोंडावर गळिताची तयारी चालली होती. ऊस जिथं टाकतात त्या गव्हाणीच्या यंत्राची चाचणी सुरू होती. मोटर आणि गिअरबॉक्स यांना जोडणारा ओतीव लोखंडाचा तुकडा म्हणजे कपलिंग. ते फुटलं. अर्धा भाग उडाला आणि शेजारी तेल घालत असलेल्या अशोक नावाच्या कामगाराला लागला. दवाखान्यात नेईपर्यंत तो गेला. चाळिशीचा माणूस. बायको सुनीता आणि दोन मुली.

कपलिंग साताऱ्याच्या त्याच फाउंड्रीचं होतं. शिदूतात्यांच्या हातची ओत.

प्रश्न सरळ होता. धातूत दोष असेल, तर दोष ओतणाऱ्याचा. धातू चांगला असेल आणि मोटर-गिअरबॉक्स एका रेषेत बसवले नसतील, तर प्रत्येक फेऱ्याला कपलिंग वाकत राहणार आणि शेवटी फुटणार. मग दोष कारखान्याचा. दोन्ही बाजूंनी मिळून तुकडे माझ्याकडं पाठवायचं ठरलं.

ते दसऱ्यानंतर आले. मी पोतं उघडलं आणि हात थांबला. दोन्ही तुकडे लख्ख. तारेच्या ब्रशनं घासलेले, रॉकेलनं धुतलेले, वर तेलाचा हात. हळदीकुंकवाची बोटं ओढलेली. एका खाचेत झेंडूची पाकळी.

तुकडे घेऊन कारखान्याचे फिटर आले होते, साठीला टेकलेले. मी त्यांच्यावर ओरडलो. कसा ओरडलो ते लिहीत नाही. त्यांनी ऐकून घेतलं.

"खंडेनवमी हुती सायेब. समदी हत्यारं, पानं, यंत्रं पुजायला मांडली. ह्येला कसं ठिवायचं तसंच? अशोकचं रगत हुतं ह्येच्यावं. मेल्या माणसाला आंगूळ घालत्यात न्हवं? म्या माज्या हातानं धुतलं."

"आणि हा कोपरा? इथला सुपारीएवढा टवका कुठाय?"

"त्यो निखळून पडला धुताना. फुलात पडला आसंल. निर्माल्य कृष्णंत सोडलं."

मी खाली बसलो. या माणसानं काही लपवलं नव्हतं. आपल्या सोबत्याचं रक्त त्यानं जमेल तेवढ्या मायेनं धुतलं होतं. आणि धुताना गंजही गेला होता. बाहेरच्या माणसाला हे कळायला हवं, म्हणून सांगतो. भेग मागच्या हंगामात पडलेली असेल, तर पावसाळाभर तिच्यात ओल शिरते आणि तेवढाच भाग गंजतो. आत्ता फुटलेला भाग मात्र चकाकतो. गंज म्हणजे भेगेचा जन्मदाखला. तो ब्रशनं गेला. आणि भेग जिथं जन्मली असावी, तोच टवका नदीत गेला.

तरी मी काम केलं. तिरका उजेड टाकल्यावर घासलेल्या तोंडावरही वलयं पुसट दिसत होती. नुकत्याच सुरू झालेल्या चाचणीत एवढी वलयं पडत नाहीत, म्हणजे भेग मागच्या हंगामापासूनची. ती सगळी त्या हरवलेल्या कोपऱ्याकडं जात होती, आतल्या खाचेच्या टोकाकडं, जिथं वाकण्याचा ताण सर्वांत जास्त येतो. कपलिंगच्या निरनिराळ्या जागांचे नमुने कापले. धातू एकसारखा, निरोगी. पोकळी नाही, आत अडकलेला मळ नाही. मी तात्यांचं काम ओळखतो. ते त्यांचंच काम होतं.

मी मसुदा लिहिला: धातू निर्दोष, तूट हळूहळू झालेली, कारण बहुधा चुकीची जोडणी.

दोन दिवसांनी, मसुद्याची कुणकुण लागून, कारखान्याचे चीफ इंजिनिअर आले. मृदू बोलणारा, हात जोडून बसणारा माणूस. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, तुमच्या शब्दाबाहेर आम्ही नाही. फक्त एक वाक्य. मूळ जागेचा तुकडा उपलब्ध नाही, हे खरं ना?"

"खरं."

"मग त्या जागी ओतकामाचा दोष असण्याची शक्यता नाकारता येत नाही, हेही खरंच ना?"

मी त्यांना दार दाखवलं. ते उठले नाहीत. सुनीताबाईंचा विषय त्यांनी काढला. म्हणाले, "दोष पूर्ण कारखान्यावर आला, तर प्रकरण कोर्टात जाईल आणि वर्षानुवर्षं पडेल. बाईंना काय मिळणार? संशयाला थोडी जागा राहिली, तर संचालक मंडळ आजच्या आज त्यांना नोकरीवर घेतं. मी शब्द देतो."

इथं माझ्यातला शेळ्या विकणारा जागा झाला. मी म्हणालो, "शब्द नको, पत्र पाहिजे. कायम नोकरी. आणि राहायला क्वार्टर." ते म्हणाले, क्वार्टर अवघड आहे. मी म्हणालो, मग वाक्यही अवघड आहे. तासभर ओढाताण झाली. शेवटी त्यांनी फोन लावला आणि क्वार्टर कबूल केलं. पत्र हातात आल्यावर मी अहवालाच्या शेवटी ते वाक्य घातलं. वाक्य खोटं नव्हतं. त्या रात्री मला छान झोप लागली. एका विधवेला मी घर मिळवून दिलं होतं, स्वतः एक कप चहाही न घेता.

समोरच्याचे पाय मी बघितले नव्हते. ते टेबलाखाली होते.

नंतर कारखान्याच्या कामगार पुढाऱ्याकडून कळलं. सुनीताबाईंना नोकरी आणि क्वार्टर द्यायचा ठराव मी मसुदा लिहिण्याच्या आधीच झालेला होता. कामगारांनी काम बंद ठेवायची तयारी केली होती, त्यामुळं मंडळाला तो करावाच लागला. चीफनी मला जे विकलं, ते आधीच देऊन झालेलं होतं. उभ्या जन्मात मला सौद्यात फसवणारा तो एकच माणूस. त्याचा राग मी मनात फार दिवस तापवत ठेवला, कारण तो तापता असेपर्यंत दुसरीकडं बघावं लागत नव्हतं.

दुसरीकडं शिदूतात्या होते. माझा अहवाल साताऱ्याला पोचला. एवढ्या मोठ्या अहवालातलं शेवटचं एकच वाक्य सगळ्यांनी वाचलं. फाउंड्रीचे मालक वाईट माणूस नव्हते, घाबरलेले होते. मोठी गिऱ्हाइकं विचारू लागली, तुमच्या भट्टीवर कोण असतं? मालकांनी तात्यांना बसवून सांगितलं, वय झालंय, आता विश्रांती घ्या. निरोप समारंभ झाला नाही. साताऱ्याच्या वसाहतीत एवढंच राहिलं की शिदूच्या ओतीनं माणूस मेला.

मी गेलो नाही. काम होतं, प्रवास होते, मानपत्रं होती. खरं कारण मला माहीत होतं, तरी गेलो नाही. यंदा एका कामासाठी कोयनेकडं जाणं झालं आणि परतीच्या वाटेवर पाटणजवळ मी गाडी थांबवायला सांगितली.

तात्या ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. दृष्टी अधू झालेली. भट्टीवरच्यांची होते. आवाजावरून ओळखलं.

"या डॉक्टर. बसा. वाट चुकला जनू."

मी बसलो. इकडची तिकडची चौकशी केली. मग बोलायला सुरुवात केली आणि सगळं सांगितलं. चीफ, पत्र, क्वार्टर, ठराव. मला कसं फसवलं तेही सांगितलं, जरा चढ्या आवाजात. तात्या शेंगा फोडत राहिले.

"मंजी बाईचं घर झालं न्हवं?" त्यांनी विचारलं.

"झालं."

"चांगलं झालं." टरफलं बाजूला सारत म्हणाले, "तुमी खोटं न्हाई लिवलं, डॉक्टर. माज्या पोरानं वाचून दाखवलं मला, तीनदा. खोटं कायबी न्हाई त्यात. पर तुमाला ठावं हुतं का न्हवतं, ती ओत चांगली हाय म्हनून?"

"माहीत होतं."

"मग त्ये का न्हाई लिवलं?"

मी म्हणालो, "लिहिलं होतं. वरच्या पानावर आहे."

"आवं, पळीभर माती पडली तर आख्खी भट्टी फुकट जाती. वरचं कोन बघतंय?"

मग ते आत गेले आणि फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आले. नमुन्याच्या कांडीचा अर्धा तुकडा होता, त्यावर नंबर ठोकलेला. त्या कपलिंगच्या ओतीचा. फळीवरून काढून त्यांनी तो मालकांपुढं ठेवला होता, म्हणाले होते, हा तपासायला पाठवा. मालक म्हणाले, अहवाल आलाय, आता काय तपासायचं? निघताना तात्या तो घरी घेऊन आले.

माझे हात पुढं झाले. "तात्या, हा मला द्या. उद्याच्या उद्या तपासतो. नवीन अहवाल देतो, फुकट. कारखान्याला पाठवतो, मालकांना पाठवतो."

तात्यांनी फडकं पुन्हा गुंडाळलं.

"न्हाई."

"का?"

"ह्यात काय हाय ते मला ठावं हाय. तुमालाबी ठावं हाय. मग तपासायचं कशापायी? आनि एकदा दिलंतं की तुमच्या हातात."

मी हट्ट धरला. वाद घातला, रागावलो, त्यांच्या मुलाला मध्ये घातलं, मग हात जोडले. तात्यांनी फडक्याला गाठ मारली. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडं बदल्यात द्यायला काहीच नव्हतं. उठताना ते म्हणाले, "शेंगा घिऊन जावा, वैनींस्नी." मी घेतल्या. गाडीत बसल्यावर ड्रायव्हरला चहा पिऊन यायला पाठवलं, कारण मला त्याच्यासमोर रडू आलेलं नको होतं.

सांगलीत आल्यावर मी कारखान्याला पत्र लिहिलं की अहवालातलं शेवटचं वाक्य मी मागं घेतो. उत्तर आलं की प्रकरण निकाली निघाले आहे. फाउंड्रीच्या मालकांना फोन केला. ते म्हणाले, "डॉक्टर, आता कशाला? लोक विसरलेत."

विसरलेले नाहीत. गेल्याच महिन्यात एका नव्या फाउंड्रीत मी बसलो होतो, तिथला पोरगेला इंजिनिअर दुसऱ्याला सांगत होता, "साताऱ्याला पूर्वी एक होता म्हणे, त्याच्या ओतीनं माणूस मेला." त्याचं ऐकता ऐकता माझ्या लक्षात आलं की माझं नाव तिसरं छापलं म्हणून मी काच फोडली होती. या माणसाचं नावच राहिलं नव्हतं, नुसता 'एक होता' राहिला होता. आणि ते माझ्या एका ओळीनं झालं होतं.

'शक्यता नाकारता येत नाही' हे आमच्या धंद्यातलं फार सोयीचं वाक्य आहे. ते कशाबद्दलही खरं असतं. ज्याला काही माहीत नाही तो ते लिहितो, तेव्हा तो प्रामाणिकपणा असतो. मला माहीत होतं.

या अंकाच्या संपादकांना माझ्या पुरस्कारांची यादी, फोटो आणि यशाची वाटचाल हवी होती. दिवाळीच्या अंकात असलं दुःखाचं कशाला, असंही ते म्हणाले. ते सगळं मी सोडलं आणि पुढच्या चार ओळी ठेवून घेतल्या. सातारा-सांगलीच्या फाउंड्र्यांत हा अंक जातो, म्हणून त्या इथं लिहितो.

त्या कपलिंगचा मला दिसलेला सगळा धातू निर्दोष होता. ते चुकीच्या जोडणीमुळं, आधीच्या हंगामापासून हळूहळू तुटत आलं होतं, असं माझं मत आहे आणि अहवाल लिहिताना ते तसंच होतं. अशोकच्या मृत्यूला पाटण खोऱ्यातल्या शिदूतात्यांची ओत कारणीभूत नाही. हे मी कुणाला विचारून लिहिलेलं नाही आणि कशाच्या बदल्यात लिहिलेलं नाही.